'एन्सायक्लोपीडिया' आणि ज्ञानकोशकार केतकर

काही माणसांच्या बाबतीत असे होते की, त्यांचे काम त्यांच्या नावाच्या पुढे चालते. 'ज्ञानकोशकार' एवढे म्हटले की मराठी माणसाच्या तोंडी 'केतकर' हे आडनाव आपोआप येते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांना जाऊन आठ दशकांहून अधिक काळ लोटला. परंतु ही पदवी दुसऱ्या कोणाला चिकटली नाही. केतकर आपल्या वऱ्हाडात वाढले, अमरावतीच्या शाळेत शिकले, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून यंदाच्या अंकासाठी त्यांचे चरित्र लिहावे, असे मी ठरवले.

चरित्र लिहायला बसलो आणि आरंभीच एक शब्द आडवा आला. केतकरांनी मराठीत जे आणले, त्याला इंग्रजीत 'एन्सायक्लोपीडिया' म्हणतात. या शब्दाचे स्पेलिंग शाळेत आपण सर्वांनीच घोकले आहे. एवढा लांबलचक शब्द आला कोठून, त्यात किती शब्द दडले आहेत आणि केतकरांनी त्याच्या जागी 'ज्ञानकोश' हा शब्द चालवला तेव्हा अर्थात काय फरक पडला, या प्रश्नांनी माझी पाठ सोडली नाही. शब्दाचा शोध आणि माणसाचे चरित्र ही दोन निरनिराळी कामे आहेत, असे मला प्रथम वाटले होते. पुढे दोहोंची वाट एकच निघाली. ती वाट या लेखात मांडण्याचा प्रयत्न करतो.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शालेय शिक्षण अमरावतीस झाले. त्या काळचे वऱ्हाड म्हणजे एक चमत्कारिक प्रदेश होता. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी व्यवस्था १८५३ पासून चालत आलेली होती. भाषा मराठी, कचेरीची भाषा इंग्रजीकडे झुकलेली, बाजारात कापसाचे व्यापारी निरनिराळ्या प्रांतांचे, आणि शेजारी एकीकडे हिंदी मुलूख तर दुसरीकडे तेलुगू. १८९७ साली अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा श्रीधर तेरा वर्षांचा होता. पुण्यामुंबईच्या मुलाला महाराष्ट्र हा जगाचा मध्य वाटू शकतो. वऱ्हाडातल्या मुलाला तसे वाटणे अवघड. आपली भाषा जेथे संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, ती सीमा त्याला घराजवळच दिसत असते. महाराष्ट्र म्हणजे काय आणि जगात त्याचे स्थान कोणते, हा प्रश्न केतकरांना जन्मभर पुरला. त्याचे मूळ या प्रदेशात असावे, असे मला वाटते.

पुढे ते मुंबईस विल्सन कॉलेजात शिकले आणि १९०६ साली अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क राज्यातील इथाका या गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे; तेथे त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला. हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. मनुस्मृतीच्या आधारे प्राचीन समाजस्थिती तपासणारा हा ग्रंथ होता. १९११ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातींच्या उत्पत्तीवर आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. त्यात ज्या मोजक्या विद्वानांच्या व्याख्या त्यांनी तपासायला घेतल्या, त्यांत केतकर होते. पंचविशीतल्या एका मराठी तरुणाने परदेशात लिहिलेला ग्रंथ बाबासाहेबांनी दखल घेण्याजोगा मानला, यावरून त्याचे वजन कळते.

अमेरिकेहून केतकर लंडनला आले आणि १९१२ साली मायदेशी परतले. या मधल्या काळात ज्ञानाच्या जगात दोन मोठ्या घटना घडल्या. १९१०-११ साली 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'ची अकरावी आवृत्ती सूचीसह २९ खंडांत बाहेर पडली. इकडे बंगालमध्ये नगेंद्रनाथ बसू यांचा बंगाली 'विश्वकोष' अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर २२ खंडांत १९११ साली पुरा झाला. इंग्रजांजवळ असा ग्रंथ होता, बंगाल्यांजवळही झाला होता. मराठीत पुराणातल्या व इतिहासातल्या व्यक्तींचे कोश एकोणिसाव्या शतकात निघाले होते. पण सगळ्या विद्यांना कवेत घेणारा ग्रंथ पुरा झालेला नव्हता. केतकरांनी काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवले. पण नोकरीत त्यांचे मन रमण्यासारखे नव्हते. १९१६ साली त्यांनी नागपूर येथे 'ज्ञानकोश मंडळ' ही मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली. तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते.

येथे क्षणभर थांबून तो आडवा आलेला शब्द उलगडून पाहू. म्हणजे केतकर नेमके काय करायला निघाले होते ते कळेल.

जोडशब्द उलगडणे आपल्याला नवे नाही. मी अकोल्यात राहतो ती जठारपेठ घ्या. 'जठार' हे आडनाव आणि 'पेठ' हा वस्तीवाचक शब्द, असे दोन तुकडे कोणालाही दिसतात. त्यातल्या 'पेठ' या तुकड्याचे भाऊबंद शोधू लागलो, तर कन्नडमध्ये 'पेटे' आणि तमिळमध्ये 'पेट्टै' भेटतात. म्हणजे पत्त्यावर रोज लिहिल्या जाणाऱ्या एका शब्दाची सोयरीक पार दक्षिणेपर्यंत पोहोचते. 'एन्सायक्लोपीडिया'ची फोड याच रीतीने करायची; फक्त प्रवास लांबचा आहे.

इंग्रजीने हा शब्द लॅटिनमधून घेतला आणि लॅटिनने ग्रीकमधून. ग्रीकमध्ये हे मुळात दोन वेगळे शब्द होते : 'एन्कुक्लिओस' आणि 'पायदेइया'. पहिले विशेषण, दुसरे नाम. 'एन्' म्हणजे 'आत', आणि 'कुक्लोस' म्हणजे वर्तुळ, चाक. 'एन्कुक्लिओस' म्हणजे वर्तुळात असलेले, फेरा पुरा करणारे. त्यावरून सर्वसाधारण, सगळ्यांसाठी असलेले. 'पायदेइया' म्हणजे शिक्षण, आणि ते 'पैस' म्हणजे मूल या शब्दावरून आलेले. मुलाला वाढवणे, घडवणे, शहाणे करणे हा त्याचा मूळ अर्थ. दोन्ही मिळून अर्थ झाला : मुलाने पुरा करावयाचा शिक्षणाचा फेरा. येथे कोठेही ग्रंथाचा उल्लेख नाही, खंडांचा नाही, अकारविल्ह्याचा तर नाहीच नाही.

आता यातला 'कुक्लोस' ओळखीचा वाटतो का पाहा. भाषाशास्त्र सांगते की ग्रीक 'कुक्लोस', संस्कृत 'चक्र' आणि इंग्रजी 'व्हील' हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन शब्दाची लेकरे आहेत. 'क'च्या जागी 'च' कसा आला, अशी शंका मनात येईल. तिचे उत्तर आपल्या संस्कृतच्या तासातच आहे. 'कृ' धातूचे परोक्ष भूतकाळी रूप 'चकार' होते. धातूच्या पहिल्या व्यंजनाची पुनरुक्ती होताना 'क'चा 'च' होतो, तसाच 'गम्'चा 'जगाम' होताना 'ग'चा 'ज' होतो. 'चक्र' हाही असाच पुनरुक्तीने बनलेला शब्द आहे. त्यातला 'च' आणि त्यातला 'क' हे मुळात एकच व्यंजन होते. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी 'क' राहिला. संस्कृतमध्ये पहिल्याचा 'च' झाला. पुढे 'चक्र'चे प्राकृतात 'चक्क' आणि मराठीत 'चाक' झाले. ग्रीक 'कुक्लोस' लॅटिनमार्गे इंग्रजीत गेला आणि तेथून 'सायकल' होऊन आपल्याकडे आला. आपल्या बंडीचे चाक आणि कॉलेजच्या दारात उभी असलेली सायकल ही अशी जुळी भावंडे आहेत. एक घरीच राहिले. दुसरे ग्रीस, रोम आणि इंग्लंड फिरून परत आले.

'पैस' या शब्दाचेही असेच आहे. मुलांच्या डॉक्टरांच्या पाटीवर 'पेडियाट्रिशियन' लिहिलेले असते, त्यात तोच शब्द आहे. संस्कृत 'पुत्र'शीही विद्वान त्याचे नाते जोडतात. दोहोंच्या मुळाशी लहान, थोडके असा अर्थ असलेला एक प्राचीन शब्द आहे. म्हणजे ज्या इंग्रजी शब्दापुढे आपण बिचकतो, त्याच्या पोटात आपलेच चक्र आणि आपल्याच पुत्राचा दूरचा आप्त बसलेला आहे.

मग हे दोन शब्द एक कसे झाले? ही कथा मोठी गमतीची आहे. रोममध्ये पहिल्या शतकात क्विंटिलियन नावाचा वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक होऊन गेला. वक्ता होऊ पाहणाऱ्या मुलाने आधी संगीत, भूमिती इत्यादी विद्यांचा फेरा पुरा करावा, असे त्याने आपल्या ग्रंथात सांगितले आणि त्या फेऱ्यासाठी हे ग्रीक शब्द वापरले. प्लिनीनेही आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते वापरले. या लॅटिन ग्रंथांच्या हस्तलिखितांत मधली ग्रीक अक्षरे नकलताना लेखनिकांची त्रेधा उडे. क्विंटिलियनच्या संपूर्ण ग्रंथाची प्रत १४१६ साली स्वित्झर्लंडमधील एका मठात सापडली. १४७० च्या सुमारास असे ग्रंथ छापले जाऊ लागले. या नकला-छपाईच्या व्यवहारात पहिल्या शब्दाचे शेपूट गळाले आणि दोन शब्द एकमेकांना चिकटले. त्या काळच्या विद्वानांनी तो एकच शब्द समजून स्वीकारला. मुळात व्याकरणाने न केलेला हा समास लेखणीने करून टाकला! इंग्रजीत १५३१ साली सर टॉमस एलियट याने शिक्षणावरील आपल्या पुस्तकात तो वापरला, तोही शिक्षणक्रम याच अर्थाने. ग्रंथाच्या नावात तो १५५९ साली बाझल येथे आला. पुढे १७२८ साली चेंबर्सने 'सायक्लोपीडिया' काढला. १७५१ पासून फ्रान्समध्ये दिदरो आणि दालांबेर यांचा महाग्रंथ निघू लागला आणि १७६८ ते १७७१ या काळात एडिंबरो येथे 'ब्रिटानिका'ची पहिली आवृत्ती अवघ्या तीन खंडांत निघाली. तोपर्यंत शिक्षणाचा फेरा हा अर्थ पुसट होऊन वर्णानुक्रमाने लावलेला माहितीचा ग्रंथ हा अर्थ पक्का झाला होता.

या फेऱ्याचा आपल्या महाविद्यालयाशीही संबंध आहे. ग्रीकांच्या त्या शिक्षणक्रमातून मध्ययुगीन युरोपात सात विद्यांचा अभ्यासक्रम ठरला : व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत. लॅटिनमध्ये त्यांना 'आर्तेस' म्हणत. त्यावरून 'आर्ट्स' आणि 'आर्ट्स'चे मराठीत 'कला'. गावी गेल्यावर कला शाखेत आहे असे सांगितले, की तिथे चित्रे काढायला शिकवतात का, अशी विचारणा आपल्यापैकी अनेकांना झाली असेल. त्या विचारणाऱ्याची चूक नाही. शब्दानेच वेष पालटला आहे.

आता 'ज्ञानकोश' या शब्दाकडे येऊ. हाही जोडशब्द, ज्ञानाचा कोश, सरळ षष्ठी तत्पुरुष. त्यातला 'ज्ञा' हा धातू ग्रीक 'ग्नोसिस' आणि इंग्रजी 'नो' यांचा सख्खा. इंग्रजीत या क्रियापदाच्या आरंभी लिहायचा पण उच्चारायचा नाही असा जो 'क' आहे, तो त्याच नात्याची खूण आहे. 'कोश' मात्र वेगळ्या घरचा. तलवारीचे म्यान म्हणजे कोश, राजाचा खजिना म्हणजे कोश, रेशमाचा किडा स्वतःभोवती विणतो तो कोश, आणि शब्दांचा संग्रह म्हणजेही कोश. जे मौल्यवान आहे ते ज्यात सुरक्षित राहते, ते हे पात्र. म्हणजे ग्रीकांनी फिरणारे चाक पाहिले आणि आपण भरलेले भांडार पाहिले. नावापुरते बोलायचे तर केतकरांनी चाकाच्या जागी भांडार ठेवले.

पण नावावरून ग्रंथाची परीक्षा करू नये. 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे खंड प्रत्यक्ष हातात घेतले तेव्हा मी चकित झालो. मी अकारापासून सुरुवात होईल अशा अपेक्षेने पहिला विभाग उघडला, तर त्यात अकारविल्हे काहीच नाही! पहिले पाच विभाग प्रस्तावनाखंडाचे आहेत. त्यांची नावे अशी : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. वर्णानुक्रमाने नोंदी सुरू होतात त्या सहाव्या विभागापासून. शेवटी सूची आणि पुरवणी धरून एकूण २३ विभाग. कोश म्हणवणाऱ्या ग्रंथाला पाच जाडजूड खंडांची प्रस्तावना कशाला, असा प्रश्न त्या काळी वर्गणीदारांनाही पडला असेल. माहिती हवी असलेल्या माणसाला हे पाच विभाग अडचणीचेच वाटणार.

केतकरांचा हेतू ध्यानात घेतला म्हणजे उलगडा होतो. ते समाजशास्त्रज्ञ होते. सुटी माहिती कितीही गोळा केली तरी ती कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहिलेली असते, हे त्यांना पक्के कळलेले होते. 'ब्रिटानिका'तल्या नोंदी लंडनमधून जग पाहतात. त्यांचे नुसते मराठीकरण केले, तर मराठी वाचकाला स्वतःकडे परक्याच्या नजरेने पाहावे लागेल. म्हणून आधी वाचकाला उभे राहायला जागा दिली पाहिजे : आपण कोण, आपला समाज कसा घडला, आपल्या विद्या कोणत्या, त्याच वेळी बाकीच्या जगात काय चालले होते, विज्ञान कसे वाढले. हा फेरा पुरा केलेल्या वाचकालाच पुढच्या हजारो नोंदींचा खरा उपयोग. ग्रंथाच्या नावातले 'महाराष्ट्रीय' हे विशेषण अभिमानाने मिरवण्यासाठी लावलेले नाही. कोठून पाहायचे, ते ठिकाण त्याने सांगितले आहे.

माझ्या अल्पमतीप्रमाणे येथेच या लेखाचा गाभा आहे. पश्चिमेकडे शब्द राहिला पण अर्थ बदलला. शिक्षणाच्या फेऱ्याचे वर्णानुक्रमाचे कपाट झाले. केतकरांनी शब्द बदलला आणि तो जुना अर्थ पुन्हा उभा केला. त्यांच्या पाच प्रस्तावनाखंडांची जात क्विंटिलियनच्या त्या फेऱ्याची आहे. यात आपल्या परंपरेचाही हात असावा. आपला 'अमरकोश' वर्णानुक्रमाने चालत नाही. स्वर्ग, काल, भूमी, पुर अशा विषयवार वर्गांनी तो तीन कांडांत रचलेला आहे आणि विद्यार्थ्याने तो आरंभापासून म्हणत जावा, अशी अपेक्षा आहे. कोश हा शिकण्याचा क्रम असू शकतो, ही कल्पना आपल्याकडे जुनीच होती.

हे सारे उभे करताना केतकरांना जे कष्ट पडले, त्यांची कल्पना आज करणे कठीण आहे. सरकार पाठीशी नाही, विद्यापीठ नाही, कोणी संस्थानिक सर्व खर्च उचलणारा नाही. भाग विकून भांडवल उभारायचे, वर्गणीदार मिळवायचे, त्यासाठी गावोगाव हिंडून वकील, शिक्षक, कारकून अशा मध्यमवर्गीय माणसांची दारे ठोठवायची. तेही अशा ग्रंथासाठी, की ज्याचे एकही पान अजून छापलेले नाही. पुढे कामाचे केंद्र पुण्यास गेले. तरुण अभ्यासकांचा एक गट जमला आणि त्यांच्याकडून शिस्तीने लेख लिहवून घेण्यात आले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एकामागून एक विभाग बाहेर पडत गेले. मराठीत ज्यांना नावेच नव्हती अशा असंख्य शास्त्रीय कल्पनांना या काळात मराठी शब्द द्यावे लागले. मंडळ काढल्यापासून मुख्य काम उरकेपर्यंत सुमारे बारा वर्षे गेली. 'ब्रिटानिका'च्या मागे अनेक पिढ्यांचा व्यवहार आणि जगभरचा ग्राहक होता, हे ध्यानात घेता ही बारा वर्षे फारच थोडी म्हटली पाहिजेत.

या खटाटोपात त्यांना लाभलेली जीवनसाथ हीही त्यांच्या चरित्रातली मोठी गोष्ट आहे. लंडनमध्ये त्यांची एडिथ कोहन या ज्यू तरुणीशी ओळख झाली होती. १९२० साली ती हिंदुस्थानात आली आणि दोघांचा विवाह झाला. त्यासाठी व्रात्यस्तोम हा प्राचीन विधी करून तिला हिंदू समाजात घेण्यात आले. ती शीलवतीबाई केतकर झाली. जातिसंस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याने ग्रंथातला विचार स्वतःच्या घरात आचरून दाखवला. शीलवतीबाई स्वतःही विदुषी होत्या. विंटरनिट्झ या पंडिताने जर्मन भाषेत लिहिलेल्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले आणि ते कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. त्यावर 'श्रीमती एस. केतकर' एवढेच नाव असते. संस्कृत वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो ग्रंथ वापरला. पण ती भाषांतरकर्ती पुण्यात संसार करणारी आपल्या ज्ञानकोशकारांची पत्नी होती, हे किती जणांनी ओळखले असेल?

ज्ञानकोश पुरा झाला, पण केतकरांचे हाल संपले नाहीत. गुजराती ज्ञानकोशाचा उद्योग त्यांनी हाती घेतला. तो तडीस गेला नाही. 'गोंडवनातील प्रियंवदा', 'परागंदा', 'ब्राह्मणकन्या', 'विचक्षणा' अशा कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. रचनेच्या दृष्टीने त्या ओबडधोबड आहेत, असे टीकाकार म्हणत आले आणि ते खोटे नाही. पण जातीबाहेर पडलेली माणसे, परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, सीमेवरचे समाज असे विषय मराठी कादंबरीत आणण्याचे धाडस त्यांनी केले. पुढे दुर्गाबाई भागवतांनी या कादंबऱ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, यावरून त्यांतले सत्त्व ध्यानी यावे. १९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९३५ साली 'प्राचीन महाराष्ट्र' या त्यांच्या ग्रंथाचा शातवाहनांवरील भाग प्रसिद्ध झाला. मान मिळत होता, पैसा मात्र मिळत नव्हता. उत्तरायुष्य ओढगस्तीत गेले. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना त्रेपन्न वर्षे पुरी झाली होती.

त्यांच्या मागे काय राहिले? ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे सात विभागांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' सिद्ध केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आता तर विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश दोन्ही संगणकावर वाचता येतात. आपण सर्वजण ज्याचा आधार घेतो, तो 'विकिपीडिया' २००१ साली सुरू झाला. त्याचे नावही जोडशब्दच आहे. 'विकी' हा हवाई बेटांतल्या भाषेतला शब्द, अर्थ 'झटपट'. 'एन्सायक्लोपीडिया'तले चाक गळून गेले, मुलाच्या शिक्षणाचा 'पीडिया' तेवढा उरला आणि त्याला 'झटपट' जोडला गेला. शब्दांनाही काळाची चाहूल आधी लागते की काय, असे वाटते.

झटपट मिळणाऱ्या माहितीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. हा लेख लिहिताना तिचा मलाही उपयोग झाला आहे. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. आज नोंदी हव्या तेवढ्या मिळतात. कमी पडतो तो फेरा. एका विषयाचा दुसऱ्याशी, आपल्या गावाचा जगाशी आणि आजचा कालशी संबंध जोडून देणारे शिक्षण आपल्या भाषेतून घ्यायचे तर पुष्कळदा आपल्यालाच धडपड करावी लागते. केतकरांनी ती धडपड शंभर वर्षांपूर्वी एका समाजासाठी केली. त्यांच्या प्रस्तावनाखंडांतली कित्येक मते आज जुनी झाली आहेत, काही तर टिकणारीही नाहीत; नव्या संशोधनाने ती मागे टाकली. परंतु जग पाहायचे तर आपल्या पायाखालची जमीन आधी ओळखावी, ही त्यांची मांडणी जुनी झालेली नाही.

जाता जाता एक लहानशी गोष्ट. ग्रीक शब्दात मूल आहे, शिक्षण आहे, वर्तुळ आहे. पण ते वर्तुळ आखणारा कोणी नाही. मराठीने मात्र 'ज्ञानकोश' या समासाला 'कार' हा तिसरा घटक जोडला आणि करणाऱ्याला शब्दात कायमची जागा दिली. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, ग्रंथालयात कधी सवड मिळाली तर त्या जुन्या खंडांपैकी पहिला विभाग उघडून पाहा. परीक्षेत त्यावर प्रश्न येणार नाही. पण अमरावतीच्या एका शाळकरी मुलाला पडलेला प्रश्न किती लांब गेला, एवढे तरी त्यातून समजेल.